जाऊबाईंना नुसतं जेल, मग मलाच कॅप्सूल का?

प्रश्न : मी ४९ वर्षांची. पाळी जाऊन १४ महिने झाले. नाशिकच्या थंडीत घरातले सगळे गोधडीत आणि मी पंख्याखाली घामाघूम. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल आणि रोज प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली आहे. कॅप्सूलने गुंगी येते. जाऊबाईंना नुसतं जेलच आहे. मी कॅप्सूल बंद केली तर चालेल का? शिवाय हार्मोन म्हटलं की कॅन्सरची भीती वाटते.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, परस्पर बंद करू नका. जाऊबाईंची पिशवी काढलेली आहे का, ते आधी विचारा. बहुतेक तिथेच उत्तर मिळेल. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. नुसतं इस्ट्रोजेन महिनोन्‌महिने चालू राहिलं तर अस्तर जाड होत जातं आणि त्यातून पिशवीचा कॅन्सर होऊ शकतो. पिशवीच नसेल, तर हा धोका उरत नाही.

गुंगी हा या कॅप्सूलचा गुणच. जेवणासोबत घेतली तर ती जास्त शोषली जाते, म्हणून जेवणानंतर दोनेक तासांनी, अंथरुणावर पडताना घ्या. झोपही बरी लागेल. (काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. दाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा.)

जेल लावताना खरी चूक होते ती हिवाळ्यात. कातडी फुटते म्हणून आधी खोबरेल चोळतात आणि त्यावर जेल, मग औषध नीट मुरत नाही. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरा, छातीवर कधीच नाही. पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा. तेल तासाभराने. नातवंडांचा हात तिथे लागू देऊ नका. घामाचे झटके २ ते ४ आठवड्यांत कमी व्हायला लागतात, पुरता फरक कळायला ३ महिने द्या.

कॅन्सरची भीती पसरली ती २००२ च्या अमेरिकी अभ्यासामुळे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि औषध वेगळ्या हार्मोनच्या गोळ्यांचं. दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत दर १०,०००मागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे ८ केसेस जास्त आढळल्या. धोका शून्य नाही, पण तुमच्या वयाला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. मात्र स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताची गाठ, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा लिव्हरचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना आजच सांगा.

पहिल्या ३ ते ६ महिन्यांत थोडे डाग दिसतात. त्यानंतरही दिसले किंवा रक्त जास्त गेलं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघून घ्या. कॅप्सूल मध्येमध्ये चुकवली असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका.