घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) बनवतोय. कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) कपड्याने पुसून घेतो, पण इस्त्रीने कागदावरचा टोनर तांब्यावर अर्धवटच उतरतो आणि ट्रॅक (सर्किटच्या रेषा) तुटतात. काय चुकतंय?

इस्त्री नवीन घेऊ नका, मी घेतली होती, काडीचा फरक पडला नाही. तुम्ही लिहिलंय की कॉपर क्लॅड नुसता कपड्याने पुसून घेता, घोळ तिथेच आहे. आपल्या ठाण्यात पावसाळ्यात हवा एवढी दमट की तांबं कपाटात पडल्या पडल्या काळपट होतं, वर आपल्या बोटांचं तेल, मग टोनर बसणार कशावर? भांड्यांची हिरवी घासणी घ्या (नवी, स्वयंपाकघरातली चोरू नका) आणि नळाखाली गुलाबी चमक येईपर्यंत घासा, मग ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोर्ड फक्त कडेला धरायचा, बोट लागलं की परत पुसायचा.

प्रिंट लेझरचीच, ग्लॉसी कागदावर. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती वितळून तांब्याला चिकटते म्हणून हे सगळं जमतं, इंकजेटच्या शाईचं ते काम नाही. झेरॉक्सवाल्याला टोनर सेव्ह बंद करायला सांगा, वैतागतो पण सांगाच. कागदाची छापील बाजू तांब्यावर ठेवा, इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, तीन-चार मिनिटं नुसती फिरवायची नाही तर जोर लावून दाबायची, कडांना जास्त. मग पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कागद अंगठ्याने चोळत काढा, ओढलात की ट्रॅक गेलेच. एखादा तुटलाच तर परमनंट मार्करने जोडा. ट्रॅक सुरुवातीला 1 मिमी ठेवा.

आणि हो, खालच्या लेयरची (बोर्डाच्या तांब्याच्या बाजूची) प्रिंट मिरर करायची नाही! ती चिकटताना आपोआप उलटते. मी पहिल्या बोर्डला शहाणपणा करून मिरर केली आणि शेवटी 555 (टायमरची चिप) तांब्याच्या बाजूनेच बसवून सोल्डर करावा लागला. चालतो अजून, दिसतो भयंकर.

टोनरखाली न झाकलेलं तांबं विरघळवायला लागणारं फेरिक क्लोराईड मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. प्लॅस्टिकच्याच डब्यात, ग्लोव्ह्ज घालून, बाल्कनीत. डबा कोमट पाण्यात ठेवून हलवत राहिलात की लवकर होतं. स्टील-ॲल्युमिनियमचं भांडं ते खातं आणि लादीवरचा पिवळा डाग जात नाही, आमच्याकडे त्यावर पायपुसणं आहे आणि आईला कारण माहितीये. वापरलेलं फेरिक क्लोराईडचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, त्यात तांबं असतं, लेबल लावून बाटलीत ठेवा.