आजीला आधी खरं सांगा

"आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. मुलगी बारावीत, जीपीए ३.६. बर्कलीला नंबर लागला नाही. आता म्हणते, डी अँझा या कम्युनिटी कॉलेजला दोन वर्षं करून विद्यापीठात मेकॅनिकलला ट्रान्सफर घेईन. पुण्यात आजीला आम्ही बर्कलीच सांगितलंय. मी पुण्यातून इंजिनिअर झालो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठेच न लागलेल्यांचं ना? तिला समजवा."

तिला काय समजवू? तिचा बेत चांगला आहे. मला खुपतंय ते आजीला सांगितलेलं खोटं. दर रविवारच्या फोनवर ते आता मुलीला निभवायचंय. कॉलेज सुरू व्हायच्या आत तुम्ही तिला शिकवलंत की तिची जागा लपवण्यासारखी आहे. अशी मुलं एखादा विषय जड गेला तर घरी बोलत नाहीत, काउन्सेलरकडेही जात नाहीत. आणि या वाटेवर वेळेवर न बोलणं सगळ्यात महागात पडतं.

तुमच्या वर्गात सेकंड इयरला डिप्लोमाची मुलं थेट आली असतील. शेवटी त्यांची नि तुमची डिग्री वेगळी होती का? इथेही पदवीवर नाव येतं ते जिथे ती पूर्ण होते त्या विद्यापीठाचं. दोन वर्षांची असोसिएट डिग्री हा तिचा मुक्कामच नाही. ट्रान्सफरसाठी तिला ९० क्वार्टर युनिट, म्हणजे कोर्स पास होऊन मिळणारी क्रेडिट्स, हवेत. युनिटला ३१ डॉलरप्रमाणे २,७९० डॉलर. पुस्तकं, किरकोळ फी वेगळी.

धोका आहे तो गणितात. कॅल्क्युलस १ए ते १डी, मग २ए, २बी: विषय सहा, आणि उन्हाळा सोडला तर दोन वर्षांत टर्मही सहाच. रजिस्ट्रेशनला उशीर होऊन पहिल्या फॉलला, म्हणजे सप्टेंबरच्या टर्मला, १ए हुकलं, की त्यावर अवलंबून असलेलं फिजिक्सही मागे पडतं. मग उन्हाळ्यात भरून काढा, नाहीतर वर्ष वाढू शकतं. एपी कॅल्क्युलसचा, म्हणजे शाळेतच देतात त्या कॉलेज पातळीच्या परीक्षेचा, चांगला स्कोअर असेल तर तो आधीच कॉलेजला पाठवा, म्हणजे तिला पुढच्या कोर्सपासून सुरुवात करता येईल. कुठल्या विद्यापीठाला कुठला कोर्स चालतो हे 'असिस्ट' या साइटवर मेजरप्रमाणे दिसतं. पहिली टर्म निवडण्यापूर्वीच तिने ते बघावं.

हमीच्या प्रवेशाचा, म्हणजे 'टॅग'चा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या १ ते ३० सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पसला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस ही हमी देतात, त्यांत बर्कली नाही. मेकॅनिकलला ती कुठे लागू आहे हेही तपासायला हवं. बर्कलीचा अर्ज ती वेगळा करू शकते.

हे सगळं तिचं तिला करू द्या. आजीला फोन मात्र या रविवारी तुम्ही करा, मुलगी शेजारी असताना.