पहिल्या ट्रॅक डेला जातोयस तर ऐक

अरे भावा, स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायला जातोयस ना, मग एक्झॉस्ट आणि रीमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरचं ट्यूनिंग) राहू दे बाजूला, आधी ब्रेक फ्लुइड बदल. डॉट ४ ग्रेडचं फ्लुइड नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत न उकळता तग धरतं, पण ते हवेतला ओलावा पितं आणि मग तोच आकडा १५५ च्या आसपास येतो, त्यात आपल्या ठाण्याचे चार पावसाळे काढलेलं फ्लुइड म्हणजे विचारूच नको. असंच फ्लुइड उकळून माझं ब्रेक पेडल चेन्नईच्या ट्रॅकवर चौथ्या लॅपला थेट खाली गेलेलं, पोटात गोळा आला, पंप करत करत कसाबसा थांबलो.

सीट जरा पुढे घे, पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. कॉर्नरला जोरात ब्रेक सरळ रेषेतच मार, मग पाय झटकन काढू नको, हळूहळू सोडत आत वळ, म्हणजे वजन पुढच्या टायरवर राहतं. एकदम सोडलास की पुढचं हलकं होतं आणि गाडी वळायचं नावच घेत नाही.

आणि याची प्रॅक्टिस रात्री पाम बीच रोडवर नाही हां करायची! गायमुखच्या वळणावर तर अजिबातच नाही, तिथे खड्डा कधी उगवेल सांगता येत नाही.

शेवटचा लॅप सावकाश मार, गाडी थंड होऊ दे, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) आल्यावर ब्रेक अजून तापलेले असतात, म्हणून हँडब्रेक ओढू नको, गिअरमध्ये ठेव.