'मॅजिक सिस्टिम'ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी नुकतीच एक फँटसी कादंबरी वाचली. तिच्यात प्रत्येक मंत्रामागे तो म्हणणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. नायिका अंधारात दिवा पेटवते आणि लहानपणची एक अख्खी दुपार तिच्या मनातून जाते. कादंबरीबद्दल लिहायला बसल्यावर ते 'मॅजिक सिस्टिम'पाशी अडले. कथेतली जादू कोणत्या नियमांनी आणि कशाच्या मोबदल्यात चालते, याला इंग्रजीत हा शब्द आहे. 'या कादंबरीची जादूप्रणाली अनोखी असून ती स्मृती-आधारित आहे' असं वाक्य त्यांनी लिहिलं, पण ते त्यांनाच आवडलं नाही. योग्य शब्द कोणता, असं ते विचारतात.

वाक्य खटकतं ते 'प्रणाली'मुळे, असं आधी वाटतं. कार्यप्रणाली, संगणकप्रणाली अशा शब्दांमुळे त्याला कागदी वास लागला आहे हे खरंच. पण खरी अडचण मला 'जादू'त दिसते.

जादू हा शब्द फारसीतून आला. संस्कृतातला 'यातु' हा त्याचा सख्खा नातेवाईक. ऋग्वेदात यातुधानांपासून, म्हणजे चेटूक करणाऱ्या दुष्टांपासून, राखण कर म्हणून देवांची विनवणी आहे, इतकी त्या शब्दाची धास्ती होती. मराठीत रुळलेली जादू मात्र हलकीफुलकी आहे. जादूची कांडी फिरते, जादूचे प्रयोग होतात, कुणाच्या आवाजात जादू असते. यात कुणाचं काही खर्च होत नाही. 'अशी काय जादू केलीस?' असं आपण विचारतो तेव्हा कसं घडलं ते कळलं नाही, हेच सांगायचं असतं. म्हणजे मराठी मनात जादू ही कारण न दिसणारी आणि फुकटात होणारी गोष्ट आहे. या कादंबरीतला सगळा रस तर कारण आणि किंमत यांतच आहे! शिवाय जादूचं अनेकवचन होत नाही. एकाच कादंबरीत तीन प्रकारच्या शक्ती असल्या तर 'तीन जादू' म्हणवत नाही. 'तीन विद्या' सहज म्हणता येतं.

माझं मत 'विद्या' या शब्दाला. विद्या शिकावी लागते, ती कुणीतरी द्यावी लागते, ती फळते किंवा फळत नाही. महाभारतातली कचाची गोष्ट या दृष्टीनं पुन्हा वाचून पाहा. संजीवनी विद्या एकट्या शुक्राचार्यांकडे आहे आणि कच त्यांच्याच पोटात अडकला आहे. त्याला बाहेर काढायचं तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून आधी त्याला पोटातच विद्या शिकवायची, म्हणजे बाहेर येऊन तो गुरूला उठवील. पुढे देवयानी शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, ठीक आहे, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. नियम, त्यातली फट आणि त्या फटीतून काढलेली वाट, सगळं तिथे आहे. आजची फँटसी वाचणाऱ्याला हीच तर गंमत हवी असते.

किमतीसाठीही आपल्याकडे शब्द आहे: तप. तप साठतं आणि खर्चही होतं. विश्वामित्रांनी रागाच्या भरात रंभेला शाप दिला आणि जमवलेलं तप गमावलं. 'उःशाप' तर मला अतिशय लाडका शब्द. दिलेला शाप देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही, फक्त त्याला मुदत किंवा अट घालता येते. हा केवढा काटेकोर नियम, आणि तो एका शब्दात मावला आहे.

शक्ती कुठून येते यावरून वर्गवारी करायची असेल तर पतंजलींच्या योगसूत्रांत (४.१) ती तयारच आहे: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी, या पाचांतून सिद्धी मिळतात. रक्तातून आलेली शक्ती, काढे आणि अर्क, उच्चारलेले शब्द, सोसलेले कष्ट, एकाग्र झालेलं मन. फँटसीतल्या बहुतेक शक्ती यांतल्या कुठल्या ना कुठल्या खणात बसतात. या कादंबरीतली शक्ती मंत्र आणि तप यांच्या सीमेवर आहे, असं मी म्हणेन.

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात सांगतो. 'किमया' अरबीतून आलेली, अल्केमीच्या, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या विद्येच्या, कुळातली; धातू आणि द्रव्यांतून चालणाऱ्या जादूला ती शोभते. इंद्रजाल म्हणजे नजरेला पाडलेली भूल. करणी आणि चेटूक यांत दुसऱ्याचं वाईट करण्याचा हेतू आलाच. 'माया' टाळावी. तिच्यात आईचं प्रेमही आहे आणि जमवलेला पैसाही, वाचक भलतीकडेच जाईल. व्यक्तीसाठी 'जादूगार' म्हटलं की रंगमंचावरचा माणूस समोर येतो आणि 'मांत्रिक' म्हटलं की भूत उतरवणारा. 'साधक' या दोन्हींपेक्षा बरा.

आता 'सिस्टिम'. तिच्यासाठी नाम शोधायलाच हवं का? मराठी अशा ठिकाणी क्रियापदानं काम भागवते. मंत्र चालतो, विद्या फळते, करणी उलटते. एखाद्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही, असं आपण म्हणतोच. मग 'या कादंबरीतली विद्या कशी चालते' एवढं म्हटलं की सिस्टिम त्यात आली. नाम लागलंच तर 'विद्येचे नियम' म्हणा. वाचकांच्या गप्पांत 'मॅजिक सिस्टिम' हा शब्द रुळला आहे, तिथे तो खुशाल राहू द्या.

तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: 'या कादंबरीत विद्या फुकट चालत नाही. दिवा पेटवायचा तर एक आठवण द्यावी लागते, आणि काय दिलं तेही मागाहून आठवत नाही.' या विद्येला नावच हवं असेल तर मला 'विसरविद्या' सुचतं. मूळ कादंबरीत लेखकानं तिला काय म्हटलं आहे ते कळवा, त्यावरून आणखी नेमका शब्द काढता येईल.