रोमिओ-ज्युलिएटचा घात दाईनं आणि फ्रायरनंच केला का?

तुमचा प्रश्न असा की, दोघांनी ज्यांच्यावर विश्वास टाकला त्या दाईनं आणि फ्रायर (म्हणजे ख्रिस्ती साधू) लॉरेन्सनंच त्यांचा घात केला, असं म्हणता येईल का. परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं शेक्सपिअरचं हे नाटक शिकवलं, आणि एकदा गॅदरिंगला त्यातले चार प्रवेश मराठीतून बसवले. शिकवायचो तेव्हा मीही दाईवर खापर फोडून मोकळा व्हायचो. तालमींनी ते मत मोडलं.

फ्रायरचं आधी आटोपतो. दोन घराण्यांचं वैर मिटेल म्हणून त्यानं गुपचूप लग्न लावलं, इथवर ठीक. पण पुढं तिच्या बापानं, कॅप्युलेटनं, तिचं दुसरीकडं लग्न ठरवलं तेव्हा ‘हिचं लग्न झालंय’ एवढं त्याला सांगायची हिंमत होईना, म्हणून 42 तास मेल्यासारखं पडून राहायचं औषध काढलं. हा बेत सांगणारं पत्र रोमिओकडं घेऊन निघालेल्या फ्रायर जॉनला प्लेगच्या संशयानं एका घरात कोंडून ठेवलं, ते नशिबावर घालू. पण ज्युलिएट थडग्यात जागी झाल्यावर बाहेर चाहूल लागते आणि हा गृहस्थ तिला रोमिओच्या प्रेताजवळ सोडून पळतो. ते नशिबावर नाही घालता येत.

आता दाई. आमच्याकडं हे काम जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एसटीनं येणाऱ्या मुलीनं केलं. पहिल्या अंकात दाई ज्युलिएटचं वय सांगते. ही चौदाची व्हायची आहे, मी हिचं दूध तोडायला स्तनाला कडू पाला चोळून उन्हात बसले होते, तेवढ्यात भूकंप झाला, त्याला 11 वर्षं झाली. मला वाटलं होतं या भाषणावर मुलं जांभया देतील. पण ती मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडं कडुनिंब लावतात.” आणि वय असं भूकंपावरून मोजणं तर 1993 च्या किल्लारीनंतर मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. त्याच भाषणात दाईची स्वतःची पोर सुझन येऊन जाते. ज्युलिएटच्याच वयाची, लहानपणीच गेलेली. म्हणजे बाईनं कुणाचं दूध कुणाला पाजलं ते बघा.

रोमिओचा निरोप घेऊन आल्यावर ती ज्युलिएटला किती ताटकळत ठेवते! आमच्या मुलीनं तिथं घरचीच भाषा घातली: “टेकू तर दे की माय, हाडं खिळखिळी झालीत माझी. काऊन जीव खायलीस?” प्रेक्षागृह हसून लोळलं.

तुम्ही दोष देताय तो प्रवेश तिसऱ्या अंकाच्या शेवटी येतो. रोमिओला हद्दपार केलंय, ज्या बापानं आधी मागणी घालणाऱ्या पॅरिसला दोन वर्षं थांब म्हटलं होतं त्यानंच गुरुवारी लग्न ठरवलंय. (उसाला जायच्या आधी पोरीचे हात पिवळे करायची घाई आमच्या काही मुलांनी घरात पाहिलेली, त्यामुळं इथं वर्गात कुणी हसत नाही.) पोर नाही म्हणते तर बाप रस्त्यावर भीक मागून मर म्हणतो. या वेळी दाई तोंडावर मालकाला सांगते, चूक तुमची आहे. तो तिला तोंड बंद करायला लावतो. नोकर माणूस. आईबाप निघून गेल्यावर दाई ज्युलिएटला म्हणते की पॅरिसशीच लग्न कर, त्याच्यापुढं रोमिओ म्हणजे भांडी पुसायचं फडकं. आधीच्या पन्नासेक ओळी गाळून हे वाक्य वाचलं तर ती दगाबाज वाटणारच. आणि परीक्षेसाठी बहुतेक जण तेवढंच वाचतात.

मला खरी अडचण दुसरीच दिसते. या दोघांचं गुपित त्यांच्या वयाच्या एकाही मित्राला ठाऊक नाही. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, त्याला वाटतं रोमिओ अजून आधीच्या रोझलाइनसाठीच झुरतोय. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट, त्याच्याशी रोमिओ भांडत का नाही हे न कळल्यामुळंच मर्क्युशिओ तलवार उपसतो आणि मरतो. दुसरा मित्र बेन्व्होलिओ तर त्यानंतर नाटकातून गायबच होतो. ज्युलिएटला मैत्रीणच नाही. शकुंतलेला अनसूया-प्रियंवदा होत्या, हिला एक म्हातारी.

उत्तरात घालायला एक गोष्ट. शेक्सपिअरनं ज्या 1562 च्या इंग्रजी काव्यावरून कथा घेतली, त्यात शेवटी दाईला हद्दपारीची शिक्षा होते आणि फ्रायर सुटतो. नाटकात फ्रायरला तर नगराचा अधिपती, प्रिन्स, तोंडानंच साधुपुरुष म्हणतो, पण दाईच्या शिक्षेचा उल्लेखही नाही. ती शिक्षा शेक्सपिअरनं गाळली.

औषध प्यायच्या आधी ज्युलिएट घाबरून हाक मारते, “दाई!” आणि लगेच स्वतःलाच म्हणते, ती इथं येऊन काय करणार? दाईशी मनातून तिनं त्याच दिवशी काडीमोड घेतलाय, तरी तोंडात नाव तेच येतं. रंगीत तालमीत ही हाक आली आणि विंगेत उभी असलेली आमची दाई सरळ स्टेजवर निघून आली. मी ओरडलो तर म्हणाली, “सर, तिनं बोलावलं ना मला.”