टोचनचं भोक बुजेल, पण साठ हजारांचं?

कळंब तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरमालकाचं पत्र आहे. वय 38, पाच एकर रान, एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. हंगामात ते कारखान्याला भाड्यानं ऊस ओढतात. दोन्ही ट्रॉल्यांच्या टोचनची, म्हणजे ट्रॉली जोडायच्या कड्याची, भोकं झिजून लांबट झालीत, पिन खडखडते. वर्कशॉपवाला नऊ हजार सांगतो. ‘त्यापेक्षा वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आणून घरीच भरून घेतो. चौदा हजार जातील, पण मशीन घरात राहील. परवडेल ना?’

भाऊ, मशीन खुशाल घ्या. गोठ्याचं फाटक जोडा, पत्र्याचा अँगल जोडा. टोचन नको. भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे वीस टनांच्या आसपास ओझं, आणि ते सगळं त्या कड्यावर. साध्या रॉडनं भर घातली की वरून चकचकीत दिसतं, पण आत वेल्डिंगची मळी, म्हणजे रॉडचा जळका कचरा, अडकलेली असू शकते. शिवाय जाड लोखंड एका जागी तापून झपकन थंड झालं की वेल्डच्या कडेला ठिसूळ होतं. तडा लगेच दिसत नाही, भर हंगामात चढावर दिसतो. भोक लेथवर गोल करून आत बुश, म्हणजे लोखंडी नळी, बसवतात, किंवा जुनं कडं कापून नवं जोडतात, तेही सुकवलेल्या लो-हायड्रोजन रॉडनं. पिन तर भरायचीच नसते, नवी घ्यायची. नऊ हजार द्या आणि मोकळे व्हा.

मला झोप लागू दिली नाही ती पत्रातली शेवटची ओळ. ‘विम्याचं टेन्शन नाही. ट्रॅक्टरला शेतीचा विमा आहे, ट्रॉल्यांना लागत नाही, आणि मेव्हण्यानं वर्षाला साठ हजार हप्त्याची पॉलिसी काढून दिलीय. तीन हप्ते झाले, पंधरा वर्षांनी पंचवीस लाख मिळणार.’

कोण म्हणालं ट्रॉलीला लागत नाही? रस्त्यावर आली की तिचीही नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, हवा. आणि शेतीच्या विम्यावर भाड्याचा ऊस ओढणं म्हणजे पॉलिसीची अट मोडणं. समजा टोचन तुटून मागची ट्रॉली सुटली आणि दुचाकीवरचा तीस वर्षांचा माणूस गेला. महिना पंधरा हजारांची कमाई, घरात चार जण अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांनी ठरवलेलं भरपाईचं सूत्र लावा: पंधरा हजारांवर 40 टक्के वाढ, म्हणजे एकवीस. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले पावणेसोळा. गुणिले बारा महिने, गुणिले त्याच्या वयाला ठरलेला गुणक सतरा. बत्तीस लाख झाले. कंपनीनं अट मोडल्याचं दाखवलं, तर कोर्ट बहुतेक वेळा तिला आधी भरायला लावतं आणि मग तुमच्याकडून वसूल करायची मुभा देतं. वसुली कशातून होणार? पाच एकरांतून.

आता मेव्हण्याची पॉलिसी. साठ हजार गुणिले पंधरा, नऊ लाख. पंचवीस लाख व्हायला दरवर्षी बारा टक्के लागतात. अशा एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या, पॉलिसीत पाच-सहा सुटले तरी नशीब. पाच टक्क्यांनी साडेतेरा लाख होतात. बाकीचे साडेअकरा मेव्हण्याच्या तोंडात आहेत, कागदावर कुठं आहेत ते दाखवायला सांगा. आणि तुम्हीच लिहिलंय की ट्रॅक्टरचं चार लाख कर्ज बारा टक्क्यांनी चालू आहे. बाराच्या व्याजानं आणलेला पैसा पाच टक्क्यांवर ठेवायचा, हा कुठला हिशेब? वर तुमच्या पश्चात घरच्यांना आठ लाख. त्यातले चार बँक नेईल.

म्हणून क्रम असा. हंगामाआधी ट्रॉल्यांची पासिंग आणि ट्रॅक्टरसकट भाड्याच्या वापराचा विमा, प्रीमियम दोन कंपन्यांकडून लेखी घेऊन. मग स्वतःवर पन्नास लाखांचा टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वर्षाला दहा-बारा हजारांच्या घरात. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू. कव्हर एक पंचमांश होईल, दीड लाखाच्या थोडं वर. होऊ द्या. सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी आत्ताच मोडली तर मिळणारा, आकडाही लेखी मागा, बरा निघाला तर मोडून कर्जात भरा. साठ हजारांतून उरेल तेही कर्जात.

मेव्हणा जानेवारीत हप्त्याला आला की चहा पाजा आणि पेड-अपचा अर्ज त्याच्याकडूनच भरून घ्या. तीन वर्षं कमिशन खाल्लंय, एवढं काम करेल.