जुन्या मोटारीच्या लाकडी तळफळ्यांना सील कसे बसवावे?

आपल्या मोटारीच्या पायाखालच्या लाकडी फळ्यांमधून इंजिनाची ऊब, धूळ आणि धुराचा वास आत येतो, तेव्हा सील कोणते घ्यावे आणि कसे बसवावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्याकडील फोर्ड मॉडेल टी या मोटारीच्या फळ्यांना मी दोनदा सील बसवले. पहिल्या वेळी चुकलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धुराचा वास येत असेल, तर सीलच्या आधी एक्झॉस्टचे (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे) सांधे आणि त्यांतली गॅस्केट तपासा. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. फटी बुजवल्यामुळे वास कमी झाला, म्हणजे धोका टळला, असे मुळीच समजू नये.

माझी चूक पेडलांपाशी झाली. ब्रेकच्या पेडलभोवती मी जाड रबर घट्ट बसवले. धूळ थांबली, पण पेडल पूर्ण मागे येईना, आणि पाय काढल्यावरही ब्रेक किंचित लागलेलाच राहू लागला. पेडल खाचेत सरळ रेषेत सरकत नाही, ते कमानीत फिरते, हे मी लक्षात घेतले नव्हते. मॉडेल टी मध्ये तर डावे पेडल पूर्ण दाबले की पहिला गिअर लागतो आणि पूर्ण सोडले की वरचा. त्यामुळे सील पुढच्या बाजूने आड आले तर पहिल्या गिअरचा पट्टा (ड्रमभोवती आवळला जाऊन गिअर लावणारा) नीट आवळला जात नाही, आणि मागून आड आले तर क्लच घसरतो.

म्हणून पेडलांसाठी मी आता रबर वापरत नाही. लोकरीचा नमदा, ज्याला बाजारात फेल्ट म्हणतात, तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो आणि पेडलाच्या दांड्याला हलकेच टेकून राहतो. साधारण ३ मिलिमीटर जाडीचे दोन थर घ्यावेत, दोन्हींत पेडलाच्या मार्गाएवढी चीर द्यावी, आणि एका थराची चीर दुसऱ्याच्या चिरेवर नेमकी येणार नाही अशी ती थोडी बाजूला सरकवावी. चीर थेट नमद्यात न पाडता आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून, पेडल हाताने पूर्ण मागेपुढे करून पाहावे. थर फळीच्या खालच्या बाजूला पातळ पत्र्याच्या चौकटीखाली स्क्रूने धरावेत. सील फळीलाच बांधलेले असावे, पेडलाला मुळीच नाही. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीही हीच पद्धत चालते.

फळ्या एकमेकींना आणि गाडीच्या चौकटीला जिथे टेकतात तिथे मात्र रबराची पट्टी चांगली. इथे ईपीडीएम रबर घेण्याचा मोह होतो, कारण ते ऊन-पावसात टिकते. पण खनिज तेल लागले की ते फुगते, आणि जुन्या इंजिनाखाली तेल उडतेच, म्हणून निओप्रीन बरे. पट्टी चौकटीला चिकटवावी, फळीला चिकटवू नये. मॉडेल टीचे ब्रेकचे आणि रिव्हर्सचे पट्टे सारखे करायचे म्हणजे फळ्या काढून खालचे झाकण उघडावे लागते, आणि त्या प्रत्येक वेळी चिकटलेली फळी उचकटून काढणे म्हणजे लाकडाचे नुकसान. लाकूड ओलीत फुगते, तेव्हा फळ्यांमध्ये एक-दोन मिलिमीटर जागा ठेवून ती पट्टीने दाबून घ्यावी, आणि सील बसवण्यापूर्वी फळीला सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या टोकांना, वॉर्निश द्यावे. ओल बहुतांशी तिथूनच शिरते.

फळ्यांना आधीपासून लागलेले जुने, तंतुमय थर खरवडण्याची घाई करू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची कोरडी धूळ श्वासात जाणे घातक आहे.

बसवून झाल्यावर रात्री गाडीखाली दिवा ठेवून आतून पाहा. जिथे उजेड दिसेल तिथून वारा येतो. मग इंजिन बंद ठेवून प्रत्येक पेडल पूर्ण दाबून सोडा. ते सील नव्हते तेव्हा जिथे येत असे, अगदी तिथेच परतले पाहिजे, आणि त्यात थोडाही अडथळा जाणवला तर गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी चीर मोठी करा.